डिझेल जातं कुठं?



हंगाम सुरू झाला, मोळी टाकली, की आपल्या भागातल्या रस्त्यांना झोप नसते. दिवसभर तोड, सांजेला भरणी, रात्री ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या वाटेला. पुढं यार्डात नंबर लागेपर्यंत तिष्ठत बसायचं. ऊस गव्हाणीत पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. आणि या सगळ्या धावपळीत वाहतूकदाराच्या तोंडी एक तक्रार दरवर्षी असतेच : "डिझेल भरतोय किती, आणि जातंय कुठं?"

मी आपल्यासारखाच एक सभासद. घरचा ट्रॅक्टर आहे, वाहतुकीचा करार करतो. या प्रश्नावर मी एकदा सपशेल चुकलो आहे. ती चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून ही हकिकत लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगाम ऐन भरात होता. गाडीवर आमच्याच वाडीचा एक पोरगा ड्रायव्हर होता. कामाला चांगला, पण बोलायला कमी. पंधरा-वीस दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की काही दिवशी सहा-सात लिटर डिझेल हिशेबाला लागत नाही. खेपा तेवढ्याच, रस्ता तोच, पण डिझेल जास्त. चावडीवर बोललो तर चौघांनी चार वाटा दाखवल्या. एक म्हणाला, यार्डात रात्री नळी घालून काढत असतील. दुसरा म्हणाला, तोडणीच्या टोळीतली पोरं असतील, परमुलखातली माणसं. तिसऱ्यानं हळूच कानात सांगितलं, "बाहेर कशाला शोधतोस? ड्रायव्हरला इचार की."

ते माझ्या मनात बसलं. पोराला मी विचारलं नाही, थेट बोललो. चार माणसांसमोर बोललो. त्याच्या भत्त्यातून पैसेही कापले. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली ओसरीवर ठेवून गेला.

नवा ड्रायव्हर आला. डिझेल जायचं थांबलं नाही.

तेव्हा मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. म्हातारा माणूस, घाई ठाऊक नाही. त्यांनी टाकीकडं बघितलंच नाही. आधी विचारलं, "वही ठेवतोस का?" म्हटलं, ठेवतो. "मग सांग, टाकी अर्धी भरलीस त्या दिवशी कधी डिझेल कमी आलं का?"

मी वही चाळली. पैशाची ओढ असली की मी पंचवीसच लिटर टाकायचो. त्यातल्या एकाही दिवशी फरक नव्हता. फरक आला तो फक्त टाकी गळ्यापर्यंत भरली त्या दिवशी.

मिस्त्री हसले. "चोराला अर्धी टाकी कडू लागती व्हय रं?"

त्यांनी टाकी काठोकाठ भरायला लावली, फडक्यानं कोरडी पुसली, सांध्यांवर आणि पट्टीच्या कडेला खडूची पूड चोळली आणि गाडी खड्ड्याच्या वाटेनं फिरवून आणली. टाकी धरणाऱ्या पट्टीच्या मागं, वरच्या बाजूला, खडू भिजून काळा पडला होता. पट्टी घासून पत्र्याला केसाएवढी चीर गेली होती. टाकी भरलेली असली आणि गाडी हादरली की तिथून थेंब गळायचे. पातळी चिरेच्या खाली गेली की गळती बंद. गाडी उभी केल्यावर खाली काहीच दिसायचं नाही. गळलेलं डिझेल धुळीत मुरून गेलेलं.

हिशेब करून पाहा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे चोवीस तासांत चार लिटरांहून अधिक. लिटरला नव्वद रुपयांच्या भावानं हे रोजचे पावणेचारशे ते चारशे रुपये झाले. एवढे पैसे नुसत्या थेंबांनी जातात, आणि आपण चोर शोधत बसतो.

टाकी दुरुस्त झाली. मी त्या पोराच्या घरी गेलो. कापलेले पैसे दिले आणि ज्या चार माणसांसमोर बोललो होतो, त्यांच्यासमोरच चूक कबूल केली. त्याची आई म्हणाली, "भाऊ, पैशाचं न्हाई. पोरानं आठ दिस कुणाला तोंड दाखवलं न्हाई." पोरगा एवढंच म्हणाला, "मालक, आदी मला इचारायचं तरी हुतं." तो पुन्हा माझ्या गाडीवर आला नाही. त्याचा त्याला हक्क होता.

चोरी होतच नाही का?

होते. हे सांगून कुणाला गाफील ठेवायचं नाही. इंधन महागलं की टाकीवर डोळा जातोच, मग देश कोणताही असो. 1973 च्या तेलसंकटात अमेरिकेत टाकीच्या टोपणाला कुलपं लावायची पाळी आली. 2022 साली तिकडं भाव चढले, तेव्हा गाडीखाली शिरून टाकीला ड्रिलनं भोक पाडण्याचे प्रकार झाले. चोर नेतो काही लिटर, मालकाला बसतो नव्या टाकीचा भुर्दंड.

आपल्या महाराष्ट्रात तर या धंद्यानं माणसाचा बळी घेतला आहे. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाच्या चोरट्या धंद्याला आडवे गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. टाकीतून नळीनं काढलेला कॅन आणि ती टोळी यांत अंतर फार आहे खरं. पण दोन्हींचा माल खपतो तो स्वस्तात घेणारा कुणीतरी असतो म्हणूनच. रात्री दारात येऊन कुणी निम्म्या भावात डिझेलचा कॅन देऊ लागला, तर तो कुणाच्या तरी टाकीतला आहे, हे ओळखावं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरी की गळती, कसं ओळखावं?

पहिलं काम वहीचं. टाकी काठोकाठ भरावी आणि तासांचा किंवा किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरावी. किती लिटर बसलं त्याला मधल्या तासांनी भागलं की खरा खप निघतो. काट्यावर विश्वासू नये. लाकडी काडीवर खुणा करून टाकीत बुडवून पाहावी. यार्डात इंजिन चालू ठेवून नंबरची वाट पाहण्यातही डिझेल जळतं, तेही धरावं. गाडी उभी असतानाच फरक पडत असेल तर चोरीचा संशय घ्यावा. चालताना पडत असेल तर आधी पट्टी, सांधे, नळ्या आणि खालचा नट पाहावा.

चोरीची खूण वेगळी असते. नटावर पान्याचे ताजे ओरखडे, टोपणाच्या कडेला ठोकल्याची खूण, धारदार कापलेली नळी, गोल भोक आणि त्याच्या कडेला चकाकणारा पत्रा. घासून पडलेली चीर काळपट असते आणि तिच्यावर धुळीचा चिकट थर बसलेला असतो.

टाकी फोडलेली दिसली तर

प्रथम विडी-काडी विझवा. यार्डात पाचट पसरलेलं असतं, एक ठिणगी सगळ्यांना पुरते. गाडी चालू करू नका. खाली बादली किंवा घमेलं लावा. बारीक भोकाला धुण्याचा साबण मळून दाबला की गळती तात्पुरती थांबते, पण एवढ्यावर लांबची खेप मारू नये. सांडलेल्या डिझेलवर माती टाका. डांबरी रस्त्यावरचं डिझेल मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततं. विहिरीकडं किंवा पाटाकडं ओघळ जाऊ देऊ नका.

उरलेलं डिझेल काढायला तोंडानं नळी ओढू नका. घोट छातीत गेला तर फुफ्फुसाला इजा होते. गिळलंच, तर ओकारी काढायला लावू नये, थेट दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठा धोका वेल्डिंगचा. "टाकी रिकामीच आहे, मार टाका" असं म्हणणारा भेटला तर हात जोडा. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट भडकते. टाकी उतरवून, नीट धुऊन, वाफ पुरती घालवून, जाणत्या माणसाकडूनच जोडून घ्यावी. प्लॅस्टिकची टाकी असेल तर बदललेलीच बरी. आणि टाकी पूर्ण कोरडी झाली असेल, तर डिझेल भरल्यावर गाडी लगेच उठत नाही. लाइनीत हवा धरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळावा. उगीच सेल मारून बॅटरी बसवू नये.

तक्रार कशी करावी?

टाकी पुसण्याआधी फोटो काढा. यार्डातल्या पहारेकऱ्याला दाखवून नोंद करून घ्या. तातडीची मदत हवी असेल तर 112 हा नंबर आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. चोरीचं पूर्वीचं कलम 379 होतं, आता ते 303 झालं. यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. नव्वदच्या भावानं पंचावन्न लिटरांचे पाच हजारही होत नाहीत. म्हणून पंपाच्या पावत्या आणि वही जवळ असावी. टाकी फोडली असेल तर ते नुकसान वेगळं सांगावं, त्याला 324 हे निराळं कलम आहे. आकडा मात्र फुगवू नये. खोटं एकदा उघडं पडलं की खरंही कुणी ऐकत नाही.

विम्याचंही पाहून ठेवा. फक्त तिऱ्हाइताचा विमा असेल तर फोडलेल्या टाकीचं काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर टाकीच्या नुकसानीबद्दल कंपनीकडं विचारणा करावी. गेलेल्या डिझेलची आशा सहसा धरू नये.

चार सोप्या गोष्टी

टोपणाला कुलूप आणि गळ्यात जाळी बसवा. खालच्या नटाला तार बांधा. टाकीची बाजू भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला लागून उभी करा. मुक्कामाच्या रात्री टाकी भरून ठेवण्यापेक्षा सकाळी भरा. आणि यार्डात चार-सहा गाडीवानांनी मिळून पाळीपाळीनं जागावं. दोन तास एकानं जागलं तर पाच जणांना झोप मिळते. आपण कारखाना सहकारानं उभा केला, मग जागरणही सहकारानं का होऊ नये?

शेवटी पुन्हा त्या पोराकडं येतो. डिझेल कमी दिसलं की आपलं बोट आधी गरिबाकडं जातं. ड्रायव्हर, नाहीतर परगावची टोळी. ही माणसं थंडीवाऱ्यात रात्र काढतात म्हणून आपला ऊस वेळेत गाळला जातो. शंका आलीच तर आधी वही उघडा, मग खडू चोळा, मग त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा. चौघांत बोलायची वेळ त्यानंतरची.

आपली गाडी, आपली माणसं आणि आपला ऊस यंदा सुखरूप कारखान्यावर पोचो, ही सदिच्छा.

— एक सभासद वाहतूकदार