दुसऱ्या शाखेतील किल्ली

बँकेच्या स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचे दोन संच असतात. एक संच शाखेतील दोन अधिकाऱ्यांकडे विभागून असतो. दुसरा मोहोरबंद करून अन्य शाखेत ठेवला जातो. नोकरीच्या प्रारंभी मला याचे नवल वाटे. अडचणीच्या वेळी लागणारी किल्ली इतक्या दूर कशासाठी? पुढे उमगले की, जी आपत्ती पहिल्या किल्लीवर ओढवेल ती दुसरीवर ओढवू नये, एवढाच त्यामागील हेतू होता.

काही वर्षांपूर्वी वणीतील आमच्या परिचयाच्या एका व्यापारी कुटुंबात, ऐन मार्चअखेर, दुकानाच्या संगणकाची हार्डडिस्क निकामी झाली. चिरंजीव रोज नियमाने बॅकअप घेत असत. परंतु तो त्याच संगणकाच्या 'डी' ड्राइव्हमध्ये. 'सी' आणि 'डी' हे एकाच डिस्कचे दोन कप्पे होते. दोन्ही एकदमच गेले. बिलबुके आणि बँकेचे उतारे यांवरून बरीच खाती पुन्हा उभी राहिली. मात्र ज्या उधारीची नोंद केवळ संगणकात होती, ती ग्राहकांच्या स्मरणावर सोडावी लागली. पुष्कळांनी आठवणीने पैसे आणून दिले. काहींचा आकडा जुळला नाही आणि पिढ्यांचे संबंध दुरावले. रकमेपेक्षा ते दुःख मोठे होते.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक ठप्प झाले. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाचे टर्मिनल आहे. तेथील कामही थांबले. जाळ्यात कोणाला प्रवेश द्यावा हे ठरवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर परस्परांच्या प्रती जपत होते. पण सारे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकत्रच पुसले गेले. आफ्रिकेतील घाना देशातील एक तेवढा वाचला, कारण हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच प्रतीच्या आधाराने कंपनी सावरली. दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सिद्ध करावे लागले. वीज जाणे आम्हा वणीकरांना नवे नाही. परंतु तुटलेली प्रत मिळण्यासाठी वीज जाण्याची वाट पाहणे हा काही व्यवहार नव्हे.

कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. नियम ५७ सांगतो की, संगणकीय नोंदींचा योग्य बॅकअप असावा आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत त्या परत उभ्या करता याव्यात.

यासाठी फार खर्च लागत नाही. दोन बाह्य हार्डडिस्क घ्याव्यात. दुकान बंद करताना एकीवर प्रत घ्यावी आणि डिस्क लगेच संगणकातून काढून ठेवावी; जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीतून सुटत नाही. दुसरी घरी असावी आणि दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करावी. त्यांना पासवर्ड लावावा, कारण हिशेब परक्या हाती जाणेही नुकसानच. शक्य असल्यास एक प्रत क्लाउडवर ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या दिवसाची शिल्लक ताडून पाहावी. चालू हिशेबावर जुनी प्रत उतरवू नये. नव्या नोंदी पुसल्या जातात.

दिवाळीत आपण श्रद्धेने वहीपूजन करतो. आज खरी वही संगणकात आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे. वर उल्लेखलेल्या कुटुंबात आता दर शनिवारी सूनबाई डिस्क घरी नेतात. सासरे मात्र "प्रत घेतली का?" असे विचारत नाहीत, ते विचारतात, "उघडून पाहिली का?"