डोळ्यांना आधी कळतं

२९ नोव्हेंबर २०१४ची पहाट. उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात अंधाराचा फायदा घेऊन टँकरमधलं रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या वस्तीत वास सुटला. माणसं उठली ती डोळ्यांची आग, मळमळ आणि धाप घेऊनच. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. ३ जून २०२१च्या रात्री बदलापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून वायू पसरला. १२ सप्टेंबर २०२४च्या रात्री अंबरनाथला मोरिवली एमआयडीसीच्या बाजूला धुराचा असा थर पसरला की समोरचं नीट दिसेना. तिन्ही प्रसंग वेगळे. पण लोकांच्या तक्रारींत एक गोष्ट प्रत्येक वेळी होती. डोळे चुरचुरतात.

रडण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते बहुतेक मनाच्या अंगाने. या तीन शहरांतल्या माणसाने मात्र डोळ्यांतल्या पाण्याकडे आधी शरीराच्या अंगाने पाहायला हवं. कारण इथे कित्येकदा दुःख नसताना डोळे वाहतात, आणि त्या पाण्यालाही काही सांगायचं असतं.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, हा शरीरातल्या सर्वांत जास्त संवेदनशील भागांपैकी एक. बोटाच्या टोकापेक्षाही तिथे मज्जातंतूंची टोकं कितीतरी दाट असतात. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आरपार दिसलं नसतं. त्यामुळे प्राणवायू त्याला बराचसा थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून घ्यावा लागतो. हवा बिघडली की पहिला फटका त्याला बसतो तो यामुळे.

हा थर जाडीला मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढाच. तळाला श्लेष्म, ज्याच्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहतं. मध्ये खारट पाणी आणि त्यात जंतुनाशक प्रथिनं. वरून दुधावरच्या सायीसारखा तेलाचा पापुद्रा, जो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतो आणि पाणी उडून जाऊ देत नाही. प्रत्येक उघडझापीबरोबर पापणी हा थर नव्याने सारवते. जंतुनाशक प्रथिनांतलं लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२१-२२च्या सुमारास शोधलं. त्या प्रयोगांसाठी अश्रू हवेत म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळत. पेनिसिलिनचा बोलबाला झाला, पण आपल्या डोळ्यांत जंतू मारणारं औषध चोवीस तास पाझरत असतं हा शोध मला तितकाच मोलाचा वाटतो.

पाणी कुठून येतं? बरेच जण नाकाकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात. खरं तर अश्रुग्रंथी असते भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत. नाकाकडच्या कोपऱ्यात असतो तो निचरा. आरशासमोर उभं राहून खालची पापणी त्या कोपऱ्यापाशी हलकेच खाली ओढली, की कडेवर टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र दिसतं. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. या छिद्रांतून पाणी नळीवाटे नाकात उतरतं. म्हणून रडताना नाक गळतं. एका डोळ्यात एका वेळी सुमारे ७ मायक्रोलिटर पाणी असतं आणि एरवी मिनिटाला साधारण १ ते २ मायक्रोलिटर नवं येतं. अश्रुग्रंथीने जोर धरला की निचरा पुरा पडत नाही आणि पाणी गालावर येतं.

तिला जोर धरायला लावणारी साखळी अशी. कॉर्नियातल्या तंतूंवर काही प्रथिनं पहाऱ्याला असतात. त्यांतलं एक मिरचीच्या तिखटाने जागं होतं. ते शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे एक मानकरी. दुसरं, टीआरपीए१ नावाचं, धुरातल्या आणि कारखान्यांतल्या असंख्य झोंबणाऱ्या रसायनांवर चालून जातं. पोलिसांचा अश्रुधूर त्यालाच डिवचतो. भोपाळला १९८४च्या डिसेंबरात पसरलेला मिथिल आयसोसायनेटही त्यालाच. निरोप पाचव्या मज्जातंतूवाटे मेंदूच्या देठाकडे जातो, हुकूम सातव्या मज्जातंतूवाटे ग्रंथीकडे येतो. विचार करायच्या आत डोळे भरतात, पापण्या मिटतात. कांदा चिरताना हेच होतं. फोडी पडताना पेशी फुटतात, एक विकर मोकळं होतं आणि गंधकाचा वायू तयार होतो. ते विकर २००२ साली जपानी संशोधकांनी ओळखलं.

गंधकाचं नाव निघालं म्हणून थोडं थांबतो, कारण या पट्ट्यात त्याला महत्त्व आहे. सल्फाइड असलेला कचरा आणि आम्ल नाल्यात एकत्र आलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो सडक्या अंड्याच्या वासाचा. हवेपेक्षा जड असल्याने तो सखल भागात, म्हणजे नाल्याकाठच्या खोल्यांत साचतो. त्याची सगळ्यांत घातक गोष्ट अशी की प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गेला एकदाचा. पण डोळ्यांची आग चालू असते. उल्हासनगरला लागून असलेल्या शहाडला अनेक दशकं विस्कोस रेयॉनचं सूत निघतं. त्या धंद्यात कार्बन डायसल्फाइड लागतो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जगभरातल्या अशा कारखान्यांतल्या कामगारांच्या डोळ्यांचा विकार वैद्यकाच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून नोंदलेला आहे: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, उजेड सहन न होणं, दिव्याभोवती कडं दिसणं. त्रास कधीकधी पाळी संपल्यावर, काही तासांनी सुरू होतो. घरी गेल्यावर डोळे लाल झालेल्या कामगाराला कारण कळणारच कसं?

वर्षानुवर्षं झोंबणारी हवा लागली की तेलाच्या ग्रंथी बिघडू शकतात, डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा डोळाच सारखा वाहतो. पाण्याचा दर्जा घसरला म्हणून ग्रंथी नुसतं पाणी ओतत राहते. हे तपासायला नेत्रतज्ज्ञ खालच्या पापणीत कागदाची अरुंद पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. १९०३ साली जर्मन डॉक्टर ऑटो शिर्मर यांनी सुचवलेली ही चाचणी आजही तितकीच साधी आणि स्वस्त आहे.

आता मनाच्या रडण्याकडे. उल्हासनगर हे गावच रडून आलेल्या माणसांनी वसवलं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं भरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगर उभं राहिलं. त्या बराकींतल्या अश्रूंची ग्रंथी तीच, वाट तीच. फक्त हुकूम मेंदूच्या भावनांशी निगडित भागांतून आलेला. प्राणी विव्हळतात, पण भावनेने अश्रू ढाळतो तो माणूसच, असं आज बहुतेक संशोधक मानतात. बाळही पहिले काही आठवडे आवाज काढून रडतं, पाणी नंतर येतं.

कशासाठी? डार्विनला १८७२ मध्ये यात विशेष उपयोग दिसला नव्हता. १९८०च्या दशकात संशोधक विल्यम फ्रे यांनी भावनेच्या अश्रूंत कांद्याच्या अश्रूंपेक्षा प्रथिनं जास्त असल्याचं मांडलं, आणि रडून शरीरातलं विष बाहेर पडतं ही समजूत त्यातून पसरली. तिला भक्कम पुरावा नाही. मला पटतं ते मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांचं काम. रडणाऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून त्यांनी फक्त अश्रू पुसून टाकले, तर बघणाऱ्यांना तेच चेहरे कमी दुःखी वाटले, काही तर नुसते बुचकळ्यात पडलेले. म्हणजे अश्रू दुसऱ्यासाठी आहेत. मला मदत हवी आहे, हे आवाज न करता सांगण्यासाठी.

वालधुनीकाठी वाहणारे डोळेही तेच सांगतात, पण ऐकणारे कमी. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी आज नाला म्हणून ओळखली जाते. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनी या नद्यांचा प्रश्न हरित न्यायाधिकरणात नेला. पालिका आणि उद्योग संघटनांना खडे बोल ऐकावे लागले. तरी अंबरनाथकरांनी २०२४ मध्ये पुन्हा डोळे चोळले.

तेव्हा पुढच्या वेळी रात्री डोळे चुरचुरले तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळे धुवा. पण त्याआधी सखल जागा सोडा, वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडा. वास थांबला म्हणून धोका टळला असं समजू नका. वेळ, ठिकाण, वाऱ्याची दिशा वहीत टिपा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. डॉक्टरकडे गेलात तर केसपेपरवर नुसतं ‘डोळ्यांतून पाणी’ नको. किती वाजता, कुठे, कशाचा वास होता, हेही लिहून घ्या.