संगीतनाट्याच्या शिक्षणात गान, अभिनय आणि नर्तन यांचा सांधा

देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला आणि गीत, वाद्य व नृत्त या तिहींना मिळून 'संगीत' ही संज्ञा दिली. महाराष्ट्राच्या भूमीत सिद्ध झालेल्या या ग्रंथातील व्याख्या महाराष्ट्राच्याच संगीत रंगभूमीने मात्र अपुरी स्वीकारली. 'संगीत नाटक' या शब्दातील संगीत म्हणजे गाणे, हाच अर्थ आपल्याकडे रूढ झाला. नृत्त त्यातून जवळजवळ गळून पडले. गायन, अभिनय आणि नर्तन एकाच नटाच्या अंगी आणण्याचे शिक्षण कसे द्यावे, या प्रश्नाचा विचार करताना ही गळती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे सूत्रधाराने म्हणावयाची व पात्रांनी त्यास अनुसरून हावभाव व आयत्या वेळचे भाषण करावयाचे, अशी वाटणी होती. कंठ एकाचा, देह दुसऱ्याचा. १८८० मध्ये पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणून अण्णासाहेब किर्लोस्करांनी पद पात्राच्याच मुखी दिले, आणि कंठ व देह एकत्र आले. परंतु पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयांची तालीम नाट्यपदास लाभली, आणि पद जसजसे रागदारीने समृद्ध झाले, तसतसा गाणारा देह स्थिरावत गेला. बालगंधर्वांनी स्वरातूनच भाव उभा केला ही गोष्ट थोर खरीच; पण थोर नटाचे सामर्थ्य हा शिक्षणाचा नियम होऊ शकत नाही. 'वन्स मोअर'च्या प्रघाताने तर नाट्याची गती पदापाशी येऊन थांबू लागली.

तिन्ही अंगे एकत्र राखणारी परंपरा दुसरीकडे नांदत होती. ती पाहण्यास नाट्यगृहापेक्षा गावाच्या यात्रेत जाणे इष्ट. बारामती तालुक्यातील नीराकाठचे सांगवी किंवा त्याच खोऱ्यातील इंदापूरकडील गावे हा तमाशाच्या रसिकांचा मुलूख. दसऱ्यापासून बाहेर पडलेले फड चैत्र-वैशाखाच्या यात्रांत या बाजूस हिंडतात. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमाने रात्र सरते, आणि या सर्व प्रकारांत तीच माणसे गातात, नाचतात, बोलतात. बारामती हे मोरोपंतांचे (१७२९–१७९४) गाव, ही गोष्टही येथे अप्रस्तुत नाही. सोलापूरचा शाहीर राम जोशी (१७६२–१८१२) लावणीच्या फडातून कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागला, असे परंपरा सांगते. हे स्थित्यंतर विषयाच्या दृष्टीने मोठे असले, तरी कसबाच्या दृष्टीने फारसे नव्हते. कीर्तनकारही एकटाच गातो, आख्यानातील पात्रे बदलतो आणि पायाने लय धरतो. सोवळे व ओवळे मानलेले हे दोन प्रकार एकाच शाळेचे आहेत.

फडातील लावणी बारकाईने पाहिली असता या शाळेचे मर्म उमगते. नाची चरण म्हणते. चरणाचा शेवट झीलकरी उंच स्वरात उचलतात व तो घोळवीत राहतात. या अवकाशात ढोलकी पुढे सरसावते, घुंगरू तिला उत्तर देतात, आणि समेवर नर्तन आवरताच नाची पुढील चरण धरते. म्हणजे तिन्ही व्यापार प्रत्येक क्षणी एकाच वेळी चालत नाहीत. ते एकमेकांच्या हाती ठरल्या जागी सोपविले जातात. गाताना श्वास हळूहळू सोडावा लागतो, तर नाचताना शरीर तो भराभर मागते. हा विरोध केवळ मेहनतीने मिटत नाही. रचनेतच उसंत ठेवावी लागते. झीलकरी ही फडाने शोधलेली उसंत आहे. साथीदार म्हणून त्याची बोळवण करणाऱ्या अभ्यासकाच्या हातून तमाशाच्या शिक्षणाची किल्लीच निसटते.

बैठकीच्या लावणीत याच तत्त्वाचे दुसरे टोक दिसते. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची अदाकारी त्याचा उत्तम दाखला होय. येथे पदन्यास नाही. नर्तन डोळ्यांत, मानेत व बोटांत आटून येते, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेताना प्रत्येक वेळी तिचा अर्थ निराळा होतो. अभिनय गाण्यावर चढविलेला नसून तो गाण्याच्या पुनरुक्तीतूनच निपजतो.

फडात हे शिकविले कसे जाई? पाठ्यक्रम असा नव्हताच. मूल आधी मागे उभे राहून झील धरी. मग पायाला ताल, मग छोटे काम. वगातील संवाद पुष्कळदा लिहिलेलेच नसत, त्यामुळे बोलणेही कानाने व प्रसंगावधानाने शिकावे लागे. लय आधी, शब्द नंतर, हा क्रम आपोआप साधला जाई. पण या शाळेची फी फार जबर होती. ती जन्माने व जातीने ठरलेली शाळा होती. पुष्कळ मुलींना निवड नव्हती आणि अक्षरओळखही दुर्लभ होती. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रीय सन्मान लाभले, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीतच गेले. फडाच्या पद्धतीचे गोडवे गाताना ही किंमत वगळणे हा संशोधनातील अप्रामाणिकपणा ठरेल. सक्ती टाकून पद्धत राखता येईल काय, हाच खरा प्रश्न आहे.

विद्यापीठात तो अधिक अवघड होतो. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र स्थापन झाले आणि संगीत, नृत्य व नाट्य यांचे शिक्षण एका छपराखाली आले. परंतु छप्पर एक असले म्हणजे सांधा जुळतोच असे नाही. वेळापत्रकाचा स्वभावच विभागणीचा असतो. सकाळी स्वर, दुपारी पदन्यास, सायंकाळी संवाद, असे शिकलेला विद्यार्थी प्रयोगात एकातून दुसऱ्यात उडी मारतो, आणि ती उडी प्रेक्षकास दिसते.

अमेरिकेच्या संगीत रंगभूमीसही हीच अडचण आली होती. १९४३ च्या 'ओक्लाहोमा!' मधील स्वप्नदृश्यात नायक-नायिकेच्या जागी निराळे नर्तक उभे केले गेले. १९५७ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त जेरोम रॉबिन्स यांनी गाणे, नाचणे व अभिनय ही तिन्ही कामे त्याच तरुण नटांकडून मागितली. मराठीत असा प्रयत्न १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम प्रयोग झालेल्या 'घाशीराम कोतवाल'ने केला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्ये अशी ही जुळणी. तीत तिहेरी कसबाचा भार प्रमुख नटापेक्षा ब्राह्मणांच्या रांगेवर टाकलेला आढळतो. ती रांग गाते, डुलते, भिंत होते आणि क्षणात पात्रांत विरून जाते. झीलकऱ्याचेच हे नवे रूप होय. कोणी गवई नव्हे, कोणी नर्तक नव्हे; तरी सामुदायिक लयीमुळे तिन्ही अंगे साधली गेली.

यावरून अध्यापनाचा एक क्रम सुचतो. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यास एकट्याचे गाणे न देता झील द्यावी. संवाद प्रथम ठेक्यावर बोलवून घ्यावेत, तेच मग चालत व वळत, आणि स्वर अगदी शेवटी लावावा. प्रत्येक पदात श्वास कोठे परत मिळवावयाचा, ती जागा आधी आखून घ्यावी. ढोलकीवादक हा तासाला बोलाविण्याचा पाहुणा न समजता त्यास अध्यापकाचा दर्जा असावा.

राहता राहिली परीक्षा. तीन परीक्षक तीन रकान्यांत गुण मांडतात. नाची समेवर थांबून पुढचा चरण ज्या क्षणी उचलते, त्या क्षणासाठी गुणपत्रिकेत रकानाच नाही. चौथा रकाना आखला, तर त्यात गुण देण्याचा अधिकार ज्यांना पोचतो असे परीक्षक आज तरी विद्यापीठात थोडे आणि फडात अधिक सापडतील, व त्यांतील अनेकांजवळ परीक्षक होण्यास लागणारी पदवी नाही.