जोडीनं झिजलेलं: जुने टॅपेट ठेवायचे की बदलायचे?

मागच्या खेपेला आपण संशयाविषयी बोललो होतो. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा येतो आणि त्याला लागूनच चौथं येतं ते प्रयोजन, असं आम्ही सांगितलं होतं. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले. हातात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. आम्हाला वाटलं, घरचा बाजार करून आलेत. ट्रेमध्ये आठ टॅपेट होते, प्रत्येकाच्या खाचेत पेननं आकडा लिहिलेला. म्हणाले, "सर, हा माझा संशय." (हशा)

गाडी त्यांच्या वडिलांची, अँबॅसिडर. वडील गेले, गाडी राहिली. इंजिन साताऱ्याला एका गॅरेजमध्ये उघडून ठेवलेलं. तिथला मिस्त्री म्हणतो, टॅपेट चांगलेत, परत घाला. पुण्यात नाना पेठेतला दुकानदार म्हणतो, इंजिन उघडलंच आहे तर आठही बदलून टाका. दोघंही अनुभवी माणसं. आता तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं यात का पडावं, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर आमच्या एका जुन्या मूर्खपणात आहे. तो पुढे सांगतोच.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. अँबॅसिडरला १९५९ पासून १४८९ सीसीचं जे पेट्रोल इंजिन आलं, ते मूळचं ब्रिटिश बी-सिरीज इंजिन. त्यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मधलं अंतर कापायला पुशरॉड. कॅमच्या उंचवट्यावर, म्हणजे लोबवर, बुडानं टेकलेली छोटी बादलीसारखी वस्तू म्हणजे टॅपेट. कॅम फिरला की टॅपेट वर, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला. गॅरेजमध्ये 'टॅपेट टाइट करून द्या' म्हणतात, तेव्हा काम खरं म्हणजे वर रॉकरच्या स्क्रूवर चाललेलं असतं. त्यामुळं पुष्कळांनी गाडी आयुष्यभर वापरलेली असते, पण खरा टॅपेट डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

त्याला काम किती पडतं बघा. गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या घेतंय असं धरू. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे एका किलोमीटरला प्रत्येक टॅपेट १२०० वेळा उचलला जातो. लाख किलोमीटरला बारा कोटी वेळा. आणि हे सगळं एका रेघेएवढ्या जागेवर, मध्ये तेलाचा नुसता पापुद्रा.

मग तो टिकतो कसा? इथं मौज आहे. या टॅपेटला 'सपाट टॅपेट' म्हणतात, पण त्याचं बूड सपाट नसतं. मध्यभागी ते कडेपेक्षा एक-दोन थाऊ उंच असतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला केस साधारण दोन-तीन थाऊ जाडीचा, म्हणजे हा फुगवटा केसाएवढाही नाही. शिवाय लोबला तितकाच सूक्ष्म उतार दिलेला असतो आणि लोब टॅपेटच्या बरोबर मध्याखाली नसून जरासा बाजूला असतो. तिन्हींचा परिणाम असा की लोब टॅपेटला उचलताना थोडा फिरवतोही. फिरत राहिल्यामुळं घर्षण एकाच रेघेवर न पडता सगळ्या बुडावर वाटलं जातं. टॅपेट फिरतोय तोवर जगतोय.

म्हणून टॅपेट तपासणं म्हणजे 'किती झिजला' हे मोजणं नव्हे. ग्रीकांचा एक जुना पेच तुम्हाला ठाऊक असेल. धान्याच्या राशीतून एकेक दाणा काढत गेलं तर रास नेमकी केव्हा संपते? झिजेच्या बाबतीत आपण याच पेचात अडकतो. एक थाऊ चालेल, मग दीड का नाही, दोन का नाही? पण टॅपेटच्या बाबतीत निसर्गानंच सीमारेषा आखून दिलेली आहे. बूड फुगीर असतं, झिजत झिजत सपाट होतं, आणि मग खोलगट. सपाट झालं की त्याचं फिरणं बेभरवशाचं होतं. खोलगट झालं की संपलंच. कमी-जास्तीचा प्रश्न इथं आकाराचा प्रश्न होतो, आणि आकार डोळ्यांना दिसतो.

तो पाहायला यंत्रही लागत नाही. एका टॅपेटची उभी बाजू दुसऱ्याच्या बुडावर आडवी टेकवायची आणि उजेडासमोर धरायचं. दोन्ही कडांना उजेडाची फट दिसली, मध्ये टेकलेलं असलं, तर फुगवटा शाबूत. मधूनच उजेड आला तर खोलगट. मग बूड स्वच्छ पुसून खुणा बघायच्या. गोल गोल, सगळीकडे सारखी झिलई असेल तर तो फिरत होता. सरळ पट्टा उमटला असेल तर थांबला होता. सुईनं टोचल्यासारखे खड्डे किंवा टवके उडालेले दिसले, तर पुढं बघायचं कारण नाही. ती पृष्ठभागाखालच्या थकव्यातून येणारी मोड आहे आणि ती वाढतच जाते. नुसता रंग काळपट झालेला असला तर घाबरू नका.

गृहस्थांच्या ट्रेमधले सहा टॅपेट या परीक्षेला उत्तम उतरले. तीन नंबरवर सरळ पट्टा होता आणि बूड सपाट झालं होतं. सहा नंबरला चार-पाच खड्डे. ते म्हणाले, "म्हणजे दोन बदलले की झालं?"

आता आमचा मूर्खपणा. १९९४ सालचा मे महिना, आमचीही अँबॅसिडरच. मिस्त्रींनी आठ टॅपेट काढून पुठ्ठ्यावर ओळीनं मांडले होते आणि ते जेवायला गेले. आम्हाला वाटलं, आपलीही थोडी मदत व्हावी. डबाभर रॉकेल घेतलं, आठही त्यात टाकले, लख्ख धुऊन पुसून ठेवले. मिस्त्री आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, आता आठही नवे आणावे लागतील."

आम्ही वाद घातला. आठही एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे, डब्यावर एकच नंबर. धुण्यापूर्वीही तेच, धुतल्यावरही तेच. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात लाइबनिट्झ शिकवला होता. ज्या दोन वस्तूंत कुठलाच भेद दाखवता येत नाही त्या दोन नाहीतच, हे त्याचं प्रसिद्ध तत्त्व. ते आम्ही बिचाऱ्यांच्या तोंडावर फेकलं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." जुनेच बसवले, लागतील त्या क्रमानं.

महिनाभर गाडी छान चालली. मग एक टकटक सुरू झाली. गॅप सेट केला की थांबायची, पंधरा दिवसांनी परत. प्रत्येक वेळी त्याच व्हॉल्व्हचा गॅप वाढलेला. इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा एका लोबचं नाक चक्क गोल झालं होतं आणि त्या लोबचा कीस तेलातून बेअरिंगपर्यंत पोचला होता. आठ टॅपेटचे पैसे वाचवायला निघालो होतो, पण कॅमशाफ्ट, बेअरिंग आणि टॅपेट एवढं सगळं भरलं. मिस्त्रींनी "बघा" असंसुद्धा म्हटलं नाही, याचं आम्हाला जास्त लागलं.

चूक कुठं होती? टॅपेट चांगला की वाईट हा गुण आम्ही टॅपेटमध्ये शोधत होतो. न्याय-वैशेषिकांनी संयोग नावाचा गुण सांगितला आहे. तो एकट्या द्रव्यात राहत नाही, एकाच वेळी दोघांत राहतो. झीज तशीच आहे. तीन नंबरचा टॅपेट आणि तीन नंबरचा लोब वर्षानुवर्षं एकमेकांना घासत एकमेकांचा आकार घेतात. कारखान्यातून निघताना आठ टॅपेट खरोखरच एकसारखे असतील, पण लाख किलोमीटरनंतर प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला असतो. दुसऱ्याच्या लोबवर बसवला की दोन अनोळखी पृष्ठभाग नको तिथं, कडेवर टेकतात आणि तेवढ्याशा जागेवर सगळा दाब येतो. 'हा टॅपेट चांगला आहे का' हा प्रश्नच अपुरा. 'कोणाबरोबर' हे विचारायला हवं.

हे एकदा कळलं की गॅरेजमधले नियम पाठ करावे लागत नाहीत. जुना टॅपेट आपल्याच जुन्या लोबवर, दोघंही निर्दोष असतील तर खुशाल. नवा टॅपेट जुन्या पण धडधाकट लोबवर चालतो, फक्त त्याला नीट रुळवावा लागतो. जुना टॅपेट नव्या कॅमशाफ्टवर मात्र कधीच नाही. नव्या लोबचा उतार आणि चपटं झालेलं बूड यांचं जमत नाही, टॅपेट फिरत नाही, आणि कोरा लोब बघता बघता खरवडला जातो. क्रम हरवला असेल तर जुने आठही बाद. रोलर टॅपेटचं शास्त्र वेगळं आहे, त्यात आज जात नाही.

तर गृहस्थांच्या 'दोन बदलले की झालं?' याला आमचं उत्तर होतं की त्या दोघांच्या जोडीदारांना विचारल्याशिवाय नाही. या इंजिनात एक मोह आहे. ब्लॉकच्या बाजूची दोन कव्हरं काढली की टॅपेट हातानं निघतात. कॅमशाफ्ट काढायचा म्हणजे पुढचं टायमिंग कव्हर, चेन, डिस्ट्रिब्युटरची ड्राइव्ह असं सगळं मागं लागतं. म्हणून जे हाताशी येतं ते बदलायचं आणि जे येत नाही ते चांगलं आहे असं मानायचं, ही मनाची सोय. पण कॅमशाफ्ट न काढताही त्याची साक्ष घेता येते. पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज लावायचा, इंजिन हातानं फिरवायचं आणि प्रत्येक लोब किती उचलतो ते लिहून काढायचं. व्हॉल्व्हचा क्रम एक, चार, पाच, आठ एक्झॉस्ट आणि दोन, तीन, सहा, सात इनलेट. इनलेटची तुलना इनलेटशीच करायची. एक-दोन थाऊचा फरक सोडून द्यावा.

दुकानदाराच्या 'आठही बदला' या सल्ल्यालाही आम्ही हसत नाही. दोन चुकांची किंमत सारखी नसते. चांगला टॅपेट फेकला तर ठरावीक रक्कम जाते, वाईट ठेवला तर इंजिन जातं. पण नवं म्हणजे निर्धोक, हीही एक श्रद्धाच. उत्तरपाड्याचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. आता बाजारात मिळणारा माल किती कठीण, बूड नीट घासलंय की नाही, हे डब्यावरून कळत नाही. नवा टॅपेटही उजेडासमोर धरूनच घ्या. जुना, निर्दोष टॅपेट निदान बारा कोटी वेळा परीक्षा दिलेला असतो.

आणि रुळवणं. बुडाला आणि लोबला मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची. इंजिन सुरू झाल्याबरोबर दोन हजार फेऱ्यांच्या आसपास न्यायचं आणि वीसेक मिनिटं तिथंच ठेवायचं. नव्या इंजिनाला हळू चालवावं असं आपल्याला वाटतं, इथं ते उलटं आहे. मंद वेगात लोबच्या नाकावर स्प्रिंगचा पूर्ण दाब असतो आणि खालून उडणारं तेलही कमी. तेलात झिंक-फॉस्फरसचं संयुग पुरेसं हवं. एपीआयच्या एसएम दर्जापासून, म्हणजे २००४ पासून, पातळ ग्रेडच्या पेट्रोल तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी ठीक, सपाट टॅपेटसाठी नाही. म्हणून जुन्या इंजिनासाठीचं जाड तेल बघून घ्यावं.

गृहस्थांनी साताऱ्याला डायल गेज लावून घेतला आणि आम्हाला फोन केला. सहा नंबरचा लोब दोन आणि सातच्या बरोबरीनं उचलत होता. तीन नंबरचा अकरा थाऊ कमी. म्हणजे कॅमशाफ्ट गेला. आणि कॅमशाफ्ट नवा म्हटल्यावर आठही टॅपेट नवे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, सहा तर चांगले होते ना. बाबांनी त्यांना काही होऊ दिलं नव्हतं." आम्ही म्हणालो, चांगलेच आहेत. फक्त ज्याच्याबरोबर चांगले होते तो निघाला.

हं, मागून प्रश्न आहे. 'टकटक आली की लगेच इंजिन उघडायचं का?' नाही, नाही. आधी वर बघा. रॉकरच्या टोकाला खळगा पडला की फिलर गेज त्या खळग्यावर पुलासारखा बसतो, गॅप बरोबर दाखवतो आणि आवाज तसाच राहतो. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील.

आणखी एक? 'त्या सहा टॅपेटचं काय केलं?' त्यांना आम्ही सांगितलं, तेल लावून एक तरी ठेवा. नव्यांची बुडं उजेडासमोर तपासायला त्याची सरळ बाजू लागेल.