ढील देणारा हात

इंजिन नाही, पेट्रोल नाही, तरीही माणूस तासन्‌तास आभाळात राहू शकतो. ही किमया ग्लायडरची. आपल्याकडे कामशेतला रंगीत कापडी पंख तरंगताना अनेकांनी पाहिले असतील. तेथे डोंगर आहे. उतारावरून चार पावले पळाले की वारा माणसाला उचलून घेतो. पण जेथे डोंगरच नाही, तेथे काय करावे?

अमेरिकेतील टेक्सासचा दक्षिण भाग असाच तव्यासारखा सपाट आहे. तरीही २००२ साली विल गॅड तेथील झापाटा गावातून पॅराग्लायडर घेऊन निघाला आणि ४२३ किलोमीटर दूर जाऊन उतरला. मुंबई ते बेळगाव सरळ रेषेत मोजले, तर त्याहूनही हे अंतर जास्त भरते.

सपाट जमिनीवर ग्लायडर वर चढवायचा तर तो दोरीने ओढावा लागतो. त्यासाठी गाडीवर एक मोठे रीळ बसवतात. त्यावर हजारेक मीटर बारीक पण मजबूत दोरी असते आणि रिळाला ब्रेक असतो. गाडी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावते. ओढ ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की रीळ आपोआप फिरते आणि दोरी सुटत जाते. आपली पोरे पतंगाला ढील देतात, तोच हा प्रकार. ढोबळ हिशेब असा: पॅराग्लायडरचा हवेतील वेग ताशी ३६ किलोमीटर धरला आणि समोरून १६ चा वारा असला, तर जमिनीवरून तो २० च्याच वेगाने सरकतो. गाडी ३५ ने धावली तर जो फरक उरतो, तेवढी दोरी सुटते.

यातली खरी खुबी ढिलीत आहे. दोरी गाडीला पक्की बांधली आणि वाऱ्याचा झोत आला, तर हिसका थेट माणसाला बसतो. रीळ असले की झोत आल्यावर दोरी फक्त जास्त वेगाने सुटते, ओढ तेवढीच राहते. टेक्सासमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डॉनेल ह्युइट यांनी १९८० च्या दशकात हँग ग्लायडरसाठी हेच तत्त्व आग्रहाने मांडले: ओढ एकसारखी असावी, आणि दोरीच्या मध्ये एक मुद्दाम कच्चा दुवा असावा, म्हणजे ओढ हाताबाहेर गेली तर माणसाऐवजी दुवा तुटेल.

आपल्याकडे लॉकआउट म्हटले की गिरणीचे बंद फाटक आठवते. या खेळातही तो शब्द आहे आणि तोही तितकाच वाईट. ग्लायडर दोरीच्या रेषेतून एका बाजूला कलला की दोरीची ओढ त्याला आणखी कलवते. काही क्षणांत तो जमिनीकडे झेपावतो. वैमानिकाने तत्काळ दोरी सोडायची असते. त्याला ते जमले नाही, तर रिळाजवळच्या माणसाने दोरी कापायची.

म्हणूनच गाडी एकाने चालवावी आणि रीळ दुसऱ्याने सांभाळावे. चालकाचे डोळे रस्त्यावर हवेत, रीळवाल्याचे आभाळावर. विक्रमाच्या यादीत नाव वैमानिकाचे येते. ब्रेकवर हात ठेवून त्याचा जीव सांभाळणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. कष्टकरी घरांना ही गोष्ट नवी नाही.

वाचकहो, सहलीच्या ठिकाणी जीपच्या किंवा बोटीच्या दोरीने ओढून छत्रीत उडवण्याचा खेळ असतो. मुले हट्ट धरतात. पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारावेत. चालकाखेरीज उडणाऱ्याकडे पाहणारा दुसरा माणूस आहे का? हिसका बसला तर दोरीला ढील मिळण्याची सोय आहे का? वेळ आली तर दोरी कोण सोडणार आणि कशाने? समोर विजेच्या तारा आहेत का? उत्तर देताना समोरचा चिडला किंवा हसला, तर मुलांचा हात धरून सरळ परत फिरावे. मुले थोडा वेळ रुसतील, पण धडधाकट घरी येतील.