दुर्बिणीची किंमत आणि शस्त्रक्रियेचा खर्च

किडनीतला मुतखडा आता पोटावर छेद न देता काढता येतो. लघवीच्या मार्गाने जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, टोकाशी वळणारी दुर्बीण आत नेऊन लेसरने खडा फोडतात. ही दुर्बीण दोन प्रकारची असते: निर्जंतुक करून पुनःपुन्हा वापरायची आणि एकदाच वापरून टाकायची. दुसरी म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे सहज वाटते. पण खरा हिशेब खरेदीच्या किमतीचा नसून दर शस्त्रक्रियेमागे येणाऱ्या खर्चाचा आहे.

पुनर्वापराची दुर्बीण नाजूक असते. किडनीच्या खालच्या कप्प्यातला खडा गाठताना ती फार वाकवावी लागते, लेसरचा तंतू आतून ओरखडे पाडतो, धुताना हाताळणीत इजा होते. दुरुस्ती महाग पडते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲरिझोना शाखेतील डॉक्टरांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभरातल्या 160 शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. मूळ खरेदी वगळूनही दर वापरामागे सुमारे 848 डॉलर खर्च आला. साधारण 99 शस्त्रक्रियांनंतरच पुनर्वापराची दुर्बीण स्वस्त ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे रोज खडे काढणाऱ्या मोठ्या रुग्णालयाला ती परवडते; महिन्याला दोन-चार शस्त्रक्रिया करणाऱ्या लहान रुग्णालयाला तिच्यात पैसा अडकवणे महागात पडू शकते.

एकदाच वापरायच्या दुर्बिणीवर पहिला आक्षेप कचऱ्याचा, आणि तो रास्तच आहे. मात्र धुण्या-निर्जंतुकीकरणालाही पाणी, रसायने आणि वीज लागते. 2018 मधल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दोन्ही प्रकारांचे कार्बन उत्सर्जन दर शस्त्रक्रियेमागे जवळपास सारखेच, साडेचार किलोच्या आसपास निघाले. दुसरा मुद्दा जंतुसंसर्गाचा. पुन्हा वापरल्या जाणाऱ्या मूत्रमार्गाच्या दुर्बिणींमुळे होऊ शकणाऱ्या संसर्गाबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने 2021 मध्ये सावध केले होते. तरीही तेवढ्यावरून त्या सरसकट मोडीत काढणे चूक ठरेल. धुण्याची शिस्त काटेकोर असेल, तर हा धोका बराच कमी होतो.

म्हणून एकच प्रकार सर्वांवर लादू नये. नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी पुनर्वापराची, तर अवघड जागचा खडा किंवा संसर्गाची जोखीम असेल तेव्हा एकदाच वापरायची, अशी विभागणी मोठ्या रुग्णालयांनी करावी. लहान रुग्णालयांनी आपल्या वर्षभराच्या शस्त्रक्रिया आणि दुरुस्तीची बिले मोजूनच खरेदी करावी. आणि रुग्णांनी कोणती दुर्बीण वापरणार, तिचे पैसे बिलात किती धरणार, हे शस्त्रक्रियेआधीच विचारावे.