मोदकाची वाट पाहणारा गणपती

आमच्या विशेष शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो त्या वर्षी पेपरात आला होता. मुलांनी सादर केलेला आड दशावतार, म्हणजे दशावतारी नाटकाचा पूर्वरंग, मधोमध गणपती, समोर हात जोडलेली माणसं. तो फोटो खूप जणांनी कापून ठेवला. मी तेव्हा पडद्याआड उभी होते. फोटोआधी काय झालं ते आता सांगते.

गणपतीचं काम डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाकडे होतं. बोलायचं काही नव्हतं. रिद्धी-सिद्धीसोबत यायचं, बसायचं, पूजा झाली की उठून आत जायचं. उठणंच त्याला जमत नव्हतं. म्हणून तालमीत आम्ही एक खूण ठरवली : पूजा संपली की भटजी मोदक देणार, तो घेऊन गणपती उठणार. महिनाभर एकदाही चुकलं नाही. कार्यक्रमाच्या रात्री मोदकांचा डबा शाळेतच राहिला. पूजा संपली. गणपतीने तळहात पुढे केला आणि तो तसाच बसून राहिला. पखवाजवाला बिचारा वाजवतच राहिला. पहिल्या रांगेतली एक आजी उठली, तिने त्या हातावर दहा रुपये ठेवले आणि नमस्कार केला. तिच्या मागे रांग लागली. गणपती नोट घ्यायचा, रिद्धीकडे द्यायचा आणि पुन्हा हात पुढे. शेवटी आमच्या मदतनीस मावशी बाहेरच्या दुकानातून मालवणी खाजा घेऊन धावत आल्या. त्याने तो हुंगला, खाल्ला आणि शांतपणे उठून आत गेला. बक्षीस हळूहळू कमी करत न्यायचं असतं, हे आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. ते आम्ही विसरलो, तो मात्र शिकलेलं काहीच विसरला नव्हता. फोटोत आहे ती हीच रांग. त्या पैशांतून पुढच्या वर्षीची सोंड शिवली.

माझं घर सिंधुदुर्गातल्या आरोंद्याचं, तेरेखोल नदीच्या काठावरचं. मी विशेष शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, “गो बाय, पोरांक सांभाळूक दोन वर्षांचो कोर्स कित्याक होयो?” तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. अर्धं उत्तर मावशींनी दिलं, तेही नोकरीच्या पहिल्याच महिन्यात.

वर्गात आम्ही मोठ्या संस्थांचा इतिहास शिकलो होतो. मुंबईची जय वकील शाळा 1944ची, पुण्याची सिंधुताई जोशींची कामायनी 1964ची. शाळेत गेल्यावर पहिलं काम समोर आलं ते ओल्या चड्डीचं. एक मुलगा रोज कपडे ओले करायचा. मी घड्याळ घेऊन आठवडाभर नोंदी केल्या, तक्ता आखला आणि निष्कर्ष काढला : सकाळची पेज प्यायल्यावर साधारण अर्ध्या तासाने त्याला न्यायला हवं. मावशी तक्ता बघून म्हणाल्या, “तां माका म्हायत होतां. तुमी इचारलास खंय?” तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तक्त्याचं कौतुक केलं. तक्त्याखाली सही माझी होती. मावशींच्या नावासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही, ही गोष्ट मला आजही टोचते.

पुढचा प्रसंग चित्रकार्डांचा. लाल-पिवळ्या-हिरव्या सिग्नलचं चित्र दाखवलं की मुलाने ते ओळखायचं. आरोंद्याकडच्या एका मुलाने उत्तर दिलं, “जत्रा.” मी चुकीची खूण केली. त्या संध्याकाळी त्याला घरी सोडायला गेले, तेव्हा पुलावरून पाण्याकडे बघत तो म्हणाला, “सुकती लागली.” ओहोटी नुकतीच सुरू झाली होती आणि मला ती दिसतही नव्हती. ज्याच्या गावात सिग्नलच नाही, त्याला सिग्नल कसा ओळखता येणार? दुसऱ्या दिवशी कार्डांच्या गठ्ठ्यात मी होडी आणि जाळं घातलं.

पूल ओलांडला की गोवा. आमच्या दोन मुलांच्या आया सख्ख्या बहिणी. एक अलीकडे दिलेली, एक पलीकडे. मुलांची अडचण सारखीच. एकीला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, दुसरीला गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी एकीची फेरी जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला, दुसरीची गोव्यात. दोन्ही सरकारांचे अर्ज मला तोंडपाठ झाले ते या बहिणींमुळे.

आणि एक पावसाळी सकाळ. शाळेच्या गाडीत एका मुलीला फिट आली. चालककाकांनी गाडी थांबवली आणि तिला हुंगवायला चप्पल काढली. मी त्यांचा हात धरला. तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि घड्याळाकडे बघत राहिले. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल गाठायचं, हे ठरलेलं. काकांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. सव्वाचार मिनिटांनी ती सावरली. दुसऱ्या दिवशी गाडीच्या आरशाला काकांनी आपलं जुनं मनगटी घड्याळ बांधलेलं होतं, आणि स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना ते चप्पल का नको हे समजावून सांगत होते.

काकींच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मी आता देऊ शकते. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992चा. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना विशेष शिक्षक म्हणून काम करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, आधीच्या 1995च्या कायद्यात ते सातच होते. म्हणजे ज्यांना प्रशिक्षित माणूस हवा अशी मुलं कागदावर वाढली. आमच्या तालुक्यात तो माणूस अजून शोधावा लागतो.

बारावी झालेल्या मुलामुलींनो, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीचा विशेष शिक्षणाचा डी.एड. दोन वर्षांचा आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, एवढं नक्की बघा. आणि त्याच्याही आधी जवळच्या विशेष शाळेत परवानगी काढून आठवडाभर जाऊन बसा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नको, साध्या दिवशी, पेजेच्या वेळेला जा, आणि मावशींच्या शेजारी बसा.